नमुना क्रमांक चार

तळघरात, कोळशाच्या जुन्या खोलीत,
खांबाचा गिलावा हातभर सोलून
मी यंत्र लावतो.
पाणी, करकर, बुटांवर राखाडी चिखल.
दहा मिनिटांनी खांब आपल्यातला एक तुकडा देतो,
मनगटाएवढा जाड, वीतभर लांब,
नुकताच भाजल्यासारखा कोमट.

इमारतीचं नाव योसुन, म्हणजे शेवाळ.
इस्तंबूल, बाकिरक्योय, समुद्रापासून तिसरी गल्ली.
दारावरची पितळी अक्षरं हौसेनं बसवलेली,
मधलं एक कधीच गळलंय.
पन्नास वर्षांत कुणाला वाटलं नाही
की नाव खरंच असेल.

तुकडा पुसला, उजेडात धरला:
शिंपले.
काही फुटके, काही अख्खे,
एक नखाएवढा, कडेला गुलाबी,
जणू काल ओहोटीनं ठेवला.

तिसऱ्या मजल्यावरची शुकूफे हानम
पालकाचं ब्योरेक घेऊन खाली आली.
मी खाल्लं. हात पुसले. खांब मोजला.
खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात,
माझं तर पोटच त्यावर चालतं.

चष्मा कपाळावर सारून ती वाकली.
"ही वाळू आमच्या पोहण्याच्या जागची.
रात्री ट्रक येत, दिवे विझवून.
सकाळी किनारा हातभर मागे सरकलेला.
माझी एक निळी चप्पल तेव्हाच हरवली.
बघ, पुढच्या खांबात मिळते का."

मला वाटलं आता रडेल.
आठवणी काढेल, लग्न, बाळंतपण, भिंतीवरची उंचीची रेघ,
म्हणेल, मी मेल्यावर पाडा.
असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक चेहरा आहे, तयार.
तो मी घातलासुद्धा.

"पाडा," ती म्हणाली.
"नव्व्याण्णवच्या त्या रात्रीपासून
बूट उशाशी घेऊन झोपते.
पंचवीस वर्षं, मुला. कुशीवर वळायचं तरी
आधी झुंबराकडे बघते, हलतंय का.
वरच्यांना समजाव."

वरचे समजणारे नव्हते.
नाजी बेचा वकील म्हणतो, नवं घर अकरा चौरस मीटरनं लहान.
बटणवाला कीर्कोर विचारतो,
मला दुकान देणार, की जिन्याखालचं कपाट?
पाचव्या मजल्यावरचा, जर्मनीत राहणारा, फोन उचलत नाही.
बिल्डरनं नकाशा आणला, गुळगुळीत कागदावर,
गच्चीत ऑलिव्हची झाडं, झाडांखाली सडपातळ माणसं.
त्यात शुकूफे हानमच्या वयाचं कुणीच नाही.
तिनं तो ब्योरेकच्या ताटाखाली घातला.

भोक मी बुजवलं, नव्या सिमेंटनं.
बुजवलेलं कळतं. रंग वेगळा दिसतो,
दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखा.

प्रयोगशाळेत दोन पोलादी तळव्यांमध्ये
तुकडा उभा ठेवला.
काटा चढला, चढला,
आणि कुणी खुर्चीत बसावं तसा
तो बसला.
आकडा आठ. हवा होता वीस.
अहवालात मी लिहिलं: धोकादायक.
शिंपल्यांसाठी रकाना नसतो.

चुऱ्यातून तो गुलाबी कडेचा निवडून
खिशात टाकला. चोरी म्हणा.
तिला नेऊन द्यायचा होता, खरंच,
पण घरी आलो.

आमची इमारत अव्जिलारला,
तिच्यापेक्षा बारा वर्षांनी धाकटी,
समुद्र दोनच गल्ल्या.
सेव्दानं दोनदा विचारलंय,
"सगळ्यांची बघतोस, आपली कधी?"
पहिल्यांदा म्हणालो, यंत्र बिघडलंय.
दुसऱ्यांदा म्हणालो, मीठ कमी आहे भाजीत.
यंत्र खाली गाडीत असतं.
हप्ते अजून नऊ वर्षांचे.
जेवणाच्या टेबलाजवळचा खांब
आम्ही पिवळा रंगवलाय, त्यावर कॅलेंडर.
कधी कधी जाता जाता मी तो बोटाच्या पेरानं ठोकतो.
कलिंगडवाला ठोकतो तसा.
त्यानं काय कळतं?

मुलीनं खिशातला शिंपला शोधून काढला.
चपटा आहे, त्यात आवाज राहत नसतो,
तरी कानाला लावून बसलीय,
पाठ खांबाला टेकून.

काय ऐकू येतंय
ते मी विचारत नाही.