हिरा, एक नग

स्टोअरमधनं हिरा सही करून घ्यावा लागतो.
पाऊण कॅरट, दांड्यात बसवलेला,
काडेपेटीत, कापसात.
वहीत लिहायचं : हिंदुराव खाडे, दुसरी पाळी, एक नग.

उद्यमनगरात सतरा वर्षं झाली.
दगड गुळगुळीत झाला की आवाजावरनं कळतं,
कापायचं सोडून नुसता घासत बसतो,
क्रँकशाफ्टवर करपल्याचा डाग उठतो.
मुजावर मिस्त्री म्हणायचे,
"रागावला न्हाई त्यो. दात गेल्यात त्याचं."

मग हिरा लावायचा. जरा तिरका.
पाणी सोडून, वीस मायक्रॉन आत,
मधे न थांबता, अलीकडून पलीकडं.
खर्र, गप. खर्र, गप.
गप म्हणजे तिथं दगड खोल आहे.
इतके दिवस गोल म्हणून ज्याच्यावर भरवसा ठेवला
तो गोल नव्हताच.
मग सलग सर्रर्र, आणि खांदे आपोआप खाली येतात.

एकदा चुकून खिशातनं घरी आला.
सुलभानं ट्यूबखाली धरून बघितला,
काकवीच्या रंगाचा खडा.
"ह्यो हिरा? ह्याच्यापरास हुपरीची चांदी बरी."
रात्रभर देवाजवळ ठेवला होता तिनं, तरीपण.

आज चौथ्यांदा फिरवला.
आता फिरवायला बाजू उरली नाही.
स्टोअरचे पाटोळे भिंग लावून बघतात,
वहीत 'बाद' लिहितात,
माझी सही घेतात,
आणि काडेपेटी तेवढी
परत मागून घेतात.