दोन बोटं माया

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छापील कागद दिला:
सकाळी अमुक, दुपारी तमुक,
रात्री उकडलेली कोंबडी, तळहाताएवढी.
कुणाच्या तळहाताएवढी, ते लिहिलं नव्हतं.

चाळीस वर्षं मी वालपाराइसोच्या या टेकडीवर कपडे शिवते.
छापील मापाचा कपडा कुणालाच धड बसत नाही,
हे मला नाही कळणार तर कुणाला?
तरी कागद फ्रिजवर चिकटवला.
अकरा दिवस टिकला नाही. कागद नव्हे, मी.

मग नणंद रुपेर्ता कोबीचं सूप घेऊन आली.
औषधाच्या दुकानातला कडू चहाही पिऊन झाला.
दर वेळी वजन थोडं हलायचं
आणि जुन्या भाडेकरूसारखं परत यायचं,
सामान वाढवून.

एका सोमवारी सुई ओवता ओवता वाटलं,
अगं नोल्फा, माप न घेताच कात्री चालवतेयस की.

आठ दिवस काही सोडलं नाही, काही धरलं नाही.
नुसतं माप घेतलं.
खाल्लं की कापायच्या टेबलावर खडूची एक रेघ:
किती वाजता, बसून की उभ्याने,
आणि तेव्हा कुणाची आठवण येत होती.

आठवड्याने रेघा वाचल्या.
दिवसाची बाई तशी शहाणी होती.
रात्री अकरानंतर मात्र खडूचा सडा.
अकरा म्हणजे शेवटची बस वळणावरून जाते ती वेळ,
तिकडे अंतोफागास्ताच्या खाणीत बाल्दोमेरोची पाळी सुटते ती वेळ,
आणि इकडे फोन वाजत नाही ती वेळ.
ओट्याशी उभ्याने, दिवा न लावता,
पावाचे चार तुकडे, वर लोणी.
भुकेची रेघ त्यात एकही नव्हती.

पाव सोडला नाही.
पावाने माझं काय घोडं मारलंय?
तो संध्याकाळी सहाला ताजा आणते, बशीत ठेवते,
वर अवोकाडो, शेजारी चहा,
आणि खुर्ची ओढून, बूड टेकून खाते.
अकराला फोन मीच लावते.
पहिल्यांदा तो घाबरलाच: काय झालं, आई?
काही नाही रे, म्हटलं. तू काय जेवलास?

रुळावरचा पाळणा मला टेकडीखाली नेतो,
येताना मी माझ्या पायांनी येते.
एकशे बासष्ट पायऱ्या.
आधी पाच ठिकाणी थांबायचे, आता एकदाच,
चौऱ्याण्णवाव्या पायरीवर, एलेउतेरियोच्या दारात.
तो थांबा मोडणं जमेल आता, पण मोडत नाही.
त्याचा लंगडा कुत्रा वाट बघत असतो.

परवा दानित्सा आली, लग्नाचा झगा शिवायला.
दोन इंच आतून शिव, म्हणाली, तोवर मी उतरेन.
मी टेप तिच्या कमरेभोवती सोडला, ओढला नाही.
म्हटलं, समोर जी उभी आहे तिचंच माप घेते मी.
उतरलीस तर आत घेऊ, पंधरा मिनिटांचं काम.
रुसली जराशी.
मग टेबलावरच्या पुसट रेघांकडे बघत म्हणाली, हे काय?

माझा निळा झगा सात महिन्यांत दोनदा आत घेतला,
एकदा बाहेर सोडला:
नाताळात केकचे तीन तुकडे झाले, आणि बाल्दोमेरो घरी होता.
रडले नाही. शिवण उसवली, पुन्हा घातली.
जास्तीचं कापड मी कापत नाही.
आत दोन बोटं माया ठेवलीय,
अंग आहे, कधी इकडे, कधी तिकडे व्हायचंच.

काल डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं.
साडेपाच किलो कमी.
कागद पाळलात ना, विचारलं त्यांनी.
मी झग्याची कड उलटून त्यांना आतली शिवण दाखवली.
त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिली,
मग साखरेचा आकडा लिहून घेतला
आणि हळूच विचारलं,
माझा कोट जरा खांद्यात सैल कराल का?