रफार

न्यूलिनच्या त्या वृद्धाश्रमात मला रात्रपाळी असते
आणि सात नंबरच्या खोलीत जेगो ट्रेम्बाथ.
झटका येऊन गेल्यावर त्याच्याकडे तीनच शब्द उरले:
'नाही',
'लव्हडे', म्हणजे बायको,
आणि 'साउवेस्टर'.

पहिल्या दोघांशी माझं कधी अडलं नाही.
तिसरा आला की मी दारातच थांबते
गोळ्यांची वाटी हातात धरून,
कारण या किनाऱ्यावर साउवेस्टर म्हणजे
समुद्राच्या कोपऱ्यातून तिरका घुसणारा,
छपरावरची एकेक पाटी उचकटून बघणारा वारा;
आणि साउवेस्टर म्हणजेच
त्या वाऱ्यात घालायची मेणकापडी टोपी,
पुढे आखूड, मागे लांब,
इरल्यासारखी,
पाणी मानेत न शिरता पाठीवरून निघून जावं म्हणून.
आगीला आणि बंबाला
एकच नाव ठेवणारी माणसं ही!

टोपी खुंटीवरच असते. कधीकाळी पिवळी होती.
अस्तराला जवसाच्या तेलाचा शिळा वास.
आणून त्याच्या हातात देते.
'नाही.'
खिडकी चार बोटं उघडते. पडदा फुगतो,
टेबलावरचा कागदी रुमाल उडून पलंगाखाली जातो.
'नाही.'
मग तो तोच शब्द पुन्हा म्हणतो, सावकाश,
समजुतीच्या सुरात,
जणू झटका मला आलाय.

शाळेत याच दिशेपायी
गुळवणे बाईंनी माझा अर्धा मार्क कापला होता.
मी लिहिलं होतं 'नैऋत्य'.
"रफार कुठाय गं याचा?"
लाल पेनानं त्यांनी ऋच्या डोक्यावर
एक छोटी आकडी चढवली.
"वाऱ्यानं उडाला, बाई," मागच्या बाकावरून कोणीतरी.
सगळा वर्ग हसला. मी नाही.

रविवारी लव्हडे आली, पेन्झान्सहून, बसनं,
पिशवीत केशराचे बन.
तिला विचारलं.
"ती टोपी? धड घातली कधी त्यानं!
कानांवर येतात ना तिचे पट्टे,
मग वारा ऐकू येत नाही म्हणायचा.
आणि वारा ऐकू नाही आला तर
जाळं कधी ओढायचं, कोण सांगणार?
टोपी खिशात, डोकं निथळतंय, असा यायचा घरी.
एकेचाळीस वर्षं
या हातांनी ते डोकं पुसलंय मी."
मग बनातला बेदाणा वेचून
तिनं त्याच्या ओठांत ठेवला.
तिला कळलं नाही ती काय सांगून गेली.
मलाही लगेच नाही.

मंगळवारी रात्री दोनला
खिडकीच्या चौकटी बोलायला लागल्या.
सात नंबरची घंटा.
'साउवेस्टर.'
मी टोपीकडे गेले नाही, खिडकीकडे नाही.
हीटरवरचा टॉवेल घेतला
आणि त्याचं कोरडं, ठणठणीत कोरडं डोकं
पुसलं,
आधी कानांमागे, मग मान.

'नाही' आलं नाही.

पहाटे वहीत नोंद केली:
झोप साडेतीन तास, पाणी दोन पेले.
वाऱ्याच्या दिशेसाठी त्यात रकाना नसतो.
कडेला जागा होती.
तिथे लिहिलं, माझ्या लिपीत, 'नैर्ऋत्य',
आणि पेन उचलण्याआधी
रफार आहे ना जागेवर, ते पाहिलं.