हतनूरला ट्रायल

फैजपूरच्या दवाखान्याच्या लिलावात
गाडी पडली एकसष्ट हजारांना.
मी लोको शेडचा फिटर, चौतीस वर्षं भुसावळला;
स्ट्रेचरच्या जागी पलंग बसवला,
ऑक्सिजनच्या कड्यांत कढई आणि झारा अडकवला,
सलाईनच्या हुकाला कंदील.
पुढची उलटी अक्षरं
पिवळ्या रंगाच्या दोन हातांखाली गाडली.
गल्लीतले म्हणाले, "फिरके भो,
शेवटी बसायचं असतं त्यात,
तुम्ही आत्तापासूनच?"

कुमुदला समुद्र पाहायचा होता.
मुंबईचा नाही, तो तिने पाहिलाय, भेळेसकट.
तिला हवा होता जामनगरकडचा,
ओहोटीला मागे मागे सरत
तळ उघडा टाकून जाणारा.
तीस वर्षं फळ्यावर खडूने काढलेला तारामासा
तिला एकदा वाकून बघायचा होता,
हात न लावता.
हेमांगीने पुण्याहून तक्ता पाठवला,
तो छताला चिकटवला, पलंगाच्या बरोबर वर.

"आधी ट्रायल," मी म्हटलं.
"शेडमधून निघालेलं इंजिन
पहिल्याच दिवशी मेलला जोडत नाहीत."

म्हणून हतनूरचं बॅकवॉटर.
माघ संपत आलेला, पाणी उतरलेलं,
चांगदेवच्या अलीकडे वाळूची लांब जीभ.
कुमुदने चपला काढल्या.
शिंपले होते, नदीचे, काळपट, आतून मोत्याच्या रंगाचे.
डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली बदकं
ओलीवर उभी होती, पाचपन्नास.
हिमालयावरून येतात म्हणे.
वांगी पऱ्हाट्यांवर भाजली,
कळण्याची भाकर घरूनच आणलेली.
जेवताना ती म्हणाली,
"खारं नाही, एवढंच."
मला वाटलं, भरताबद्दल बोलतेय.

रात्री दीडला पत्र्यावर थाप.
सुकलाल, पलीकडच्या पालातला मासेमार,
कडेवर नऊ वर्षांचा जित्या, पाय ताठ, घामानं निथळलेला.
"इच्चू चावला. अ‍ॅम्बुलन्स आहे ना भो ही?"
टॉर्च तिरपा होता,
रंगाखालची अक्षरं वर आली होती.
मी तोंड उघडायच्या आत
कुमुद म्हणाली, "आहे."

झारा खडखडत होता, कंदील हिंदकळत होता.
मुक्ताईनगरचा रस्ता मला दिवसासुद्धा नीट माहीत नाही.
मागून पोरगं कण्हायचं, मग थांबायचं,
मग विचारायचं, "वर ते काय आहे?"
"ऑक्टोपस."
"हाडं कुठी आहेत त्याची?"
"नाहीत."
"मंग दुखत नसंल त्याले."
कुमुद गप्प.
वर्गात तिला कोणी असं विचारलं नव्हतं.
मी आरशात पाहिलं:
तिने त्याचं बोट धरून वर नेलं होतं,
समुद्रघोडा, समुद्रफूल, फुगणारा मासा,
एकेक नाव, गचका बसला की पुन्हा पहिल्यापासून.

इंजेक्शन मिळालं. डॉक्टर झोपेतून उठून आला,
गाडीकडे बघून म्हणाला, "ही कुठली?"
मी म्हटलं, "ट्रायलवर आहे."

उजाडता परत आलो. बदकं उठून गेली होती.
आमच्या टायरांच्या चऱ्यांत पाणी पाझरलेलं,
आणि त्यांच्या आडवी गेलेली
पाच बोटांची बारीक पावलं.
"पाणमांजर," सुकलाल म्हणाला,
"आता दिसत नाही सहसा."
कुमुद वाकली, हात न लावता,
आणि बराच वेळ उठली नाही.
गुडघ्यांमुळेही असेल.

जित्या पलंगावरून उतरायला तयार नव्हता.
"बाई, आपली तापी यात कुठून घुसते?"
तक्त्यात नद्या नव्हत्याच.
तिने पर्समधून बॉलपेन काढलं,
उताणी झाली त्याच्या शेजारी,
निळ्या रंगाच्या उजव्या काठावर
अंदाजाने एक रेघ ओढली.
उताणं धरलेलं बॉलपेन मध्येच उमटेना,
तिथे रेघ तुटकच राहिली.

जामनगरला कधी, हेमांगी फोनवर विचारते.
पुढच्या ओहोटीला, कुमुद सांगते.
पिवळा रंग अजून अर्धा डबा शिल्लक आहे.
तिसरा हात द्यायचा
मी अजून मनावर घेतलेलं नाही.