पाचवा

कुडचड्याला इनासच्या गॅरेजात
बासष्ट सालची पिकअप जॅकवर.
खाली भंगारातल्या बोलेरोचा गिअरबॉक्स,
गोणपाटावर, धुऊन पुसून, जावयासारखा.

बेल हाउसिंग जुळेना.
लेथवाल्या शाणूने प्लेट कापून दिली,
प्रॉपेलर शाफ्ट चार बोटं आखूड केला.
लिव्हरसाठी पत्र्याला नवं भोक.
जुनं बुजवायला निघाला तेव्हा म्हटलं, राहू दे,
त्यातून पळता रस्ता दिसतो.

मूठ जुनीच बसवली,
बाबांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली.
तिच्यावर आकडे तीनच.

शिरोड्यापर्यंत वळणंच वळणं.
बोरी पुलावर इनास ओरडला, "घाल मरे आता!"
हात गेला
जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे,
आणि इंजिन एकदम हळू बोलायला लागलं,
घरात कुणी झोपलं असल्यासारखं.