रांग सातवी, रोप एकोणीस

नोकरी मला मिळाली ती अक्षरावर.
लहानपणी कित्ता गिरवून कमावलेलं अक्षर,
बाकी मला काय येत होतं?
मी ऑर्कनी बेटांवरचा. आमच्याकडे वारा असा
की झाडं उगवायच्या भानगडीतच पडत नाहीत.
आणि इथे, सस्कॅचेवानच्या या माळावर,
जिथे क्षितिजालाही टेकायला काही नाही,
माझ्या हाती वही आली : फळझाडे, रोजची नोंद.

बी टपालाने आलं होतं, बैकालच्या पलीकडून.
गाठोड्याला लाखेचे पाच शिक्के,
आत वाटाण्याएवढी सुकलेली रानसफरचंदं,
जिभेवर ठेववणार नाहीत इतकी तुरट.
"गोडवा आपण घालू," डॉ. ट्रेनहोम म्हणाले,
"चिवटपणा तेवढा यांनी द्यावा."

सहा वर्षांनी ती फुलली.
डॉक्टर फुलांपुढे गुडघे टेकून बसले,
चिमट्याने एकेक पुंकेसर खुडत,
कुंचल्याने परका पराग लावत,
मग प्रत्येक फुलावर कागदी पिशवी,
तान्ह्याला टोपडं बांधावं तशी.
मधमाश्या पिशव्यांवर आपटून परत जात.
मी लिहीत होतो : आई अमुक, बाप तमुक.

अकराशे चाळीस रोपं झाली.
मग तो फेब्रुवारी.
दौत शेगडीवर ठेवून लिहावं लागे.
पारा गोठला, म्हणून मद्याचा तापमापक काढला,
त्याने सांगितलं : शून्याखाली एक्कावन्न.
रात्री खोडं तडकल्याचे आवाज येत,
कुणी दूरवर शिकार करत असल्यासारखे.

मे महिन्यात नखाने साल खरवडत निघालो.
खाली हिरवं तर जिवंत, तपकिरी तर नाही.
तपकिरी.
तपकिरी.
वहीत वर एकदा 'मेलं' लिहिलं
आणि खाली कित्ता, कित्ता, कित्ता.
सुबक, एका रेषेत.

ओनुफ्री आमचा गडी, गॅलिशियातून आलेला.
त्याची नऊ वर्षांची यावदोखा
माझी बाही ओढत म्हणाली काहीतरी.
मला तिची भाषा येत नव्हती.
दोन तळवे गालाखाली घेऊन तिने डोळे मिटले :
झोपलंय.

सातवी रांग, एकोणिसावं रोप.
कारागानाच्या कुंपणाआड अजून गुडघाभर बर्फ,
त्यात तिने उकरलेलं भोक,
भोकात मुंगीच्या डोक्याएवढा लाल डोळा.

माझ्या वहीत तिथे कित्ता होता.
मी वाकलोच नव्हतो.

डॉक्टर मला काही बोलले नाहीत.
ते रोपाकडेही फार वेळ पाहत नव्हते,
कुंपणाकडे पाहत होते.
"हे कुणी लावलं?"
ओनुफ्रीने टोपी काढली. नोकरी गेली असं धरून म्हणाला,
गाईला वारा झोंबायचा, साहेब.

पुढच्या वर्षीच्या अहवालात सफरचंद चार ओळी,
कुंपण अकरा पानं :
वारा किती अडतो, बर्फ किती साठतो,
कोबी किती दिवस आधी लावता येतो.
रोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटात बांधून
आगगाडीने गावोगाव गेल्या,
एल्म, ॲश, कारागाना, फुकट.
आता उन्हाळ्यात माळावर हिरव्या रेघा दिसतात,
जणू कुणी कोऱ्या पानाला समास आखलाय.
अहवालात गाय कुठेच नाही.

एकोणिसाला फळ धरलं आठव्या वर्षी.
सात सफरचंदं, लिंबाहून लहान.
एक कापून आठ जणांत वाटलं.
ओनुफ्री बराच वेळ चघळून म्हणाला, "बटाटा बरा."
डॉक्टर हसले, डोळे पुसले,
आणि प्रत्येकापुढे तळहात धरला, बिया परत मागत.
पाच भरल्या.

यावदोखा आता शिकवायला रेजायनाला असते.
मी अजून वहीवर.
कित्ता लिहिणं सोडलं मी.
मेलं असेल तिथे 'मेलं' पूर्ण लिहितो,
प्रत्येकाला वेगळं, वाकून, बघून.
कंबर दुखते.