सत्त्याऐंशीवर दिवा

व्होरू गावाबाहेर, बर्चच्या सरपणाच्या ढिगाला लागून
माझी गाडी उभी. चेसिस जुन्या झिगुलीची,
तोंड ट्रॅक्टरच्या पत्र्यातून ठोकून काढलेलं,
आणि आत एकही वायर नाही.
शेजारची उर्वे आली, काखेत कॉफीचा थर्मास.
म्हणाली, एकोणतीस वर्षं काढली टेलिफोन एक्स्चेंजात,
रिले मला शिकवू नकोस, ताआवेट.

मी कुठला शिकवतोय.
मला नुसते चार आकडे पाठ.
तिनं ते दारावर खडूनं मांडले:
तीसवर बॅटरी, झोपेतही जागी.
पंच्याऐंशी चेसिसला, म्हणजे मातीला.
शहाऐंशीवर तुझं बटण,
मुंगीच्या पावलाएवढा प्रवाह, बस,
की सत्त्याऐंशीवर लोंढा.
"धाकट्यानं सांगायचं, थोरल्यानं राबायचं.
आमच्या घरी उलटं होतं."
हसली नाही.

फ्यूजबॉक्स भंगारातला.
चिनी मातीचे फ्यूज, खडूच्या तुकड्यांसारखे,
त्यातल्या एकाला कुणी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली.
उर्वेनं ती नखानं सोलली.
खालचं प्लास्टिक मेणासारखं ओघळून गोठलेलं.
"पोचला असेल घरी," ती म्हणाली.
"पायी."

तिसऱ्यांदा पंधराचा फ्यूज उडाला
तेव्हा मी खिशातून हळूच तीसचा काढला.
तिनं मनगटच धरलं.
फ्यूज दिव्यासाठी नसतो रे, वायरसाठी असतो.
नाकापेक्षा मोती जड केलास
तर जळेल ते नाक.

मग गुडघ्यांवर. टॉर्च दातांत.
पत्र्याच्या भोकात मी रबर बसवलंच नव्हतं,
उद्या बसवू म्हणून,
आणि तिथं वायरची साल खरवडून
तिळाएवढं तांबं उघडं.
तिळाएवढंच.
उर्वे काही बोलली नाही.
ते फार वाईट होतं.

रात्रीचे अकरा. जूनमधला उजेड, मावळायचं नाव नाही.
कानातलं यंत्र शिट्ट्या घालतं म्हणून
तिनं ते काढून खिशात टाकलेलं.
रिलेच्या टोपणावर बोट टेकवून म्हणाली, दाब.

टक्.

दिवे लागले की नाही, उजेडात कळेना.
मी धावत पुढं गेलो, हाताची ओंजळ करून
काचेपाशी अंधार धरला, डोकावलो.

ती आलीच नाही बघायला.
थर्मासचं झाकण फिरवत होती,
ते बोट तेवढं वर धरून.